कामापुढचं शून्य

हुपरीत पैंजण एका घरात तयार होत नाही. एका घरात चांदीची तार ओढली जाते, दुसऱ्या घरात तिच्या कड्या होतात, तिसऱ्या घरात त्या एकमेकींत गुंतवून झाळल्या, म्हणजे झाळ वितळवून जोडल्या जातात. घुंगरं आणखी कुठेतरी लागतात आणि पॉलिशसाठी माल भलत्याच गल्लीत जातो. पण पॉलिशला जाण्याआधी या गल्लीतलं प्रत्येक पैंजण एकदा शांतव्वाच्या मांडीवर येऊन जात असे. ती डोळे मिटायची आणि उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं यांच्या चिमटीतून पैंजण एका दमात सरकवायची. झाळ कमी पडून कुठे सांधा उघडा राहिला असेल किंवा जास्त होऊन कडी जागच्या जागी जखडली असेल, तर बोटं आपोआप थांबायची. मग त्या कडीला लाल दोरा आणि पैंजण लाल झाकणाच्या डब्यात, म्हणजे परत कारागिराकडे. न थांबता सरकलं तर पांढऱ्या झाकणाच्या डब्यात. याला गल्लीत 'हात फिरणं' म्हणत. 'शांतव्वाचा हात फिरलाय' एवढं सांगितलं की पुढे कोणी काही विचारत नसे.

हे काम तिला सासूने शिकवलं. शांतव्वा चिकोडीकडच्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी रुद्राप्पाशी लग्न करून हुपरीत आली, तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं. सासू नीलव्वाने तिला पहिल्याच आठवड्यात समोर बसवलं, हातात पैंजण दिलं आणि कानडीत म्हणाली, "कण्ण मुच्च." डोळे मीट. मग तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून पैंजण सरकवलं. एके ठिकाणी बोटं अडली, तिथे नीलव्वाने दाबून धरलं. जखडलेली कडी घुंगरांबरोबर हलत नाही, वाजत नाही, म्हणून त्या घरात तिला 'मुकी कडी' म्हणत. नीलव्वाचं दुसरं शिकवणं असं होतं : पैंजण जमिनीवर टाकलं आणि ते वाकडंतिकडं पडलं, तर नवखा माणूस सगळ्या कड्या बदलायला निघतो. सगळ्या वाईट नसतात. एक मुकी असते, ती बाकीच्यांना ओढते.

पुढे नीलव्वाचा हात कापायला लागला. तेव्हापासून काम शांतव्वाकडे आलं. नीलव्वा दारातल्या कट्ट्यावर दोन्ही हात मांडीत घेऊन बसू लागली. डबे घेऊन येणारी माणसं तिला "बरं हाय का नीलव्वा?" म्हणायची आणि उत्तराला न थांबता आत जायची. ती त्यांच्या तोंडाकडे बघत नसे, डब्याकडे बघायची. असं अकरा वर्षं चाललं. शांतव्वा आत बसून ते रोज पाहत होती.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला तव्यावरची भाकरी उलटताना शांतव्वाला चटका बसला नाही. पहिल्यांदा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. चार दिवसांनी फुलांच्या हारात सुई ओवताना सुई हातातून केव्हा पडली ते कळलं नाही. मग ती डबा पुढे घेऊन बसली, डोळे मिटले आणि पैंजण सरकवलं. ते सरकलं. दुसरं सरकलं. तिसरंही सरकलं. दहावं सरकल्यावर तिने डोळे उघडले. दहात एकही कडी अडू नये, असं अडतीस वर्षांत झालं नव्हतं. अंगठा आणि दोन बोटं कोणीतरी पातळ कापडात गुंडाळल्यासारखी झाली होती.

ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर पुढे काय होणार, हे तिला माहीत होतं.

तिने आपल्यापुरती व्यवस्था लावली. डाव्या हाताने बघायला सुरुवात केली, पण डावा हात शिकलेला नव्हता. रुद्राप्पा चहाला चौकात गेला की त्याचं भिंग घ्यायची आणि एकेक कडी डोळ्यांनी तपासायची. दिवसाला चाळीस जोड व्हायचे ते वीसवर आले. कोणी विचारलं तर म्हणायची, "गुडघं धरल्यात. बसवत न्हाय." गुडघे खरोखरच दुखत होते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. उलट डब्यांची ने-आण करायचं काम सून सुष्मिताने आपणहून अंगावर घेतलं.

मग एकेक गोष्ट बिघडत गेली. आधी झोप गेली. मग जेवणाची चव गेली आणि आमटीत मीठ कमी की जास्त यावरून रोज कुरकुर सुरू झाली. सुष्मिता सकाळी मिक्सर लावायची तो आवाज डोक्यात जाऊ लागला. शेजारची धोंडुबाई बोलायला आली की ती कधी जाईल असं व्हायचं, आणि गेली की ती आपल्याला टाळते असं वाटायचं. मुलगा सोमशेखर गोकुळ शिरगावच्या कारखान्यात होता. त्याने कोल्हापुरात भाड्याने घर बघायचा विषय सहज काढला, तर शांतव्वा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. सकाळी विभूती लावून पूजेला बसायची तेही मन लागेना. "काय हुतंय तुला?" असं रुद्राप्पाने विचारलं की उत्तर ठरलेलं, "सगळंच."

मूळ गोष्ट एकच होती आणि ती तिला ठाऊक होती. पण बाकीच्या गोष्टी खोट्या नव्हत्या. मिक्सर खरोखर डोक्यात जात होता, मीठ खरोखर जास्त वाटत होतं. मुळाशी काय आहे ते माहीत असल्याने त्यातला त्रास काही कमी होत नव्हता.

श्रावण सरताना सुष्मिता तिला गुडघ्यांसाठी बसने कोल्हापूरला घेऊन गेली. राजारामपुरीत एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दवाखाना होता. डॉक्टरांनी गुडघे तपासले, गोळ्या लिहिल्या, झोपेचं विचारलं आणि तिचं उत्तर ऐकून म्हणाले, "शेजारच्या खोलीत मॅडम बसतात. त्यांच्याशी जरा बोलून जा."

शेजारच्या खोलीतल्या मॅडम म्हणजे प्रियदर्शनी, समुपदेशक. वय पस्तिशीच्या आतबाहेर, कोल्हापूरचीच, त्यामुळे बोलायला मोकळी. तिने एक कागद पुढे ठेवला. त्यावर आठ घरं आखलेली होती : शरीर, झोप, जेवण, घरातली माणसं, शेजारपाजार, देवधर्म, काम आणि पुढची काळजी. खाली एक लांबट घर, 'एकूण त्रास'.

"मावशी, एकेक विचारते. काहीच त्रास नसेल तर शून्य म्हणायचं. अजिबात सोसत नसेल तर दहा. मधलं काहीही चालतं. शरीर?"

"दहा. गुडघं हायत की."

"झोप?"

"दहा."

"जेवण?"

"दहा."

"अत्ती, काल दोन भाकरी खाल्ल्यासा की," सुष्मिता सासूला म्हणाली.

"खाल्ल्या. ग्वाड लागल्या का ते ईचार."

"बरं. घरातली माणसं?"

शांतव्वाने सुनेकडे पाहिलं. सुष्मिता खिडकीबाहेर बघू लागली. "दहा," शांतव्वा म्हणाली. "हिच्या तोंडावर सांगते, मागनं बोलत न्हाय मी."

"शेजारपाजार?"

"दहा. धोंडुबाईचंच एकटीचं दहा."

"देवधर्म?"

"देवाचा कसला आलाय तरास? पर मन लागत न्हाय. घाला दहा."

"काम?"

शांतव्वाने हात पदराखाली घेतले. "कामाचं काय न्हाय. काम झकास चाललंय."

"म्हणजे किती लिहू?"

"शून्य."

"पुढची काळजी?"

"दहा."

"आणि आता सगळं धरून, एकूण?"

"अकरा हाय का?"

प्रियदर्शनी हसली, पण तिने दहाच लिहिलं. मग तिने तो कागद आपल्याकडे ठेवून दुसऱ्या कागदावर प्रत्येक घरासाठी काय करायचं ते लिहून दिलं. दुपारी झोपायचं नाही, संध्याकाळी चालायचं, जेवताना टीव्ही नाही, घरातल्यांनी आवाज कमी करायचे, देवळात जायला आवडत असेल तर कोणीतरी सोबत न्यायचं. काम चांगलं चाललं आहे ते तसंच चालू ठेवायचं. रोज संध्याकाळी आठही घरांचे आकडे सुष्मिताने वहीत लिहायचे आणि तीन आठवड्यांनी परत यायचं.

रुद्राप्पाने तो कागद कपाटावर कॅलेंडरखाली चिकटवला. "लगीनघरात याद्या करत्यात तसं केलंय की हे," तो म्हणाला. पण त्याने यादी मनावर घेतली. हा माणूस रागीट होता, पण आळशी नव्हता. मिक्सर दुपारी दोननंतरच चालू लागला. सोमशेखरने आईसाठी नवी गादी आणली. आमटीत मीठ घालायचं बंद झालं, ज्याने त्याने वरून घ्यायचं. धोंडुबाई म्हणाली, "डॉक्टर-बिक्टर ऱ्हाऊ द्या, हिला दिष्ट लागलीया. जोतिबाला नेऊन आणते," आणि रविवारी खरोखर घेऊन गेली.

डोंगरावर पायऱ्या उतरताना शांतव्वाचे गुडघे बोलले ते बोललेच. देवळात गुलाल लागला, दर्शन झालं. बाहेर पडताना धोंडुबाईने तिच्या हातात दवणा दिला. दहा पावलांवर धोंडुबाई थांबली.

"अगं, दवणा पाडलास की! देवाचा हाय, पायदळी आला."

"वारं हाय केवढं."

"कुठलं आलंय वारं? धरलावतास का न्हाईस?"

"धरलावता की," शांतव्वा म्हणाली आणि वाकून तो डाव्या हाताने उचलला.

वहीतले आकडे सुष्मिता नेमाने लिहीत होती. नवी गादी आल्यावर झोप दहाची सातवर आली, तर त्याच दिवशी देवधर्म परत दहावर गेला. मिक्सर बंद झाल्यावर घरातली माणसं आठवर आली, आणि 'पुढची काळजी'ला शांतव्वा म्हणाली, "अकराच ल्ही, मॅडमला काय कळतंय." एकूण काही दहाच्या खाली येईना. कामापुढे मात्र रोज शून्य. ते शून्य सुष्मिता न विचारताच लिहायची. घरात एक तरी गोष्ट सरळ चालली आहे, याचं सगळ्यांना बरं वाटत होतं.

अठराव्या दिवशी कोल्हापूरच्या गुजरी या सराफ पेठेतल्या एका दुकानातून एक जोड परत आला. गिऱ्हाइकाने तक्रार केली होती, पायात नीट बसत नाही, एका अंगाला वळतं. रुद्राप्पाने पैंजण फरशीवर टाकलं, ते वाकडं पडलं. त्याने भिंग लावून बघितलं. मधोमध एक कडी मुकी होती. ढोबळ चूक, नवख्यालाही सापडावी अशी.

"हे हात न फिरताच गेलंय," तो म्हणाला. "सुष्मिता, दोन डबं हातात असत्यात. लालमधलं पांढऱ्यात टाकलं असशील."

"न्हाय मामा. झाकणाचा रंग दिसतोय की मला. आणि लालमधलं असतं तर दोरा नसता व्हय त्याला?"

"दोरा पडला असंल. मग काय म्हणायचं हाय तुला? शांताचा हात चुकला?"

असं म्हणून तो हसला. पुढच्या खोलीत झाळायला बसलेले रुद्राप्पाचे दोघे कारागीरही हसले. तिचा हात चुकणं त्यांना सूर्य पश्चिमेला उगवण्यासारखं वाटलं असावं. शांतव्वा दारात तांदूळ निवडत बसली होती. सुष्मिताने तिच्याकडे बघितलं. शांतव्वाने सुपातला एक खडा बाजूला केला, मग दुसरा.

"असंल माझ्याकडनंच," सुष्मिता म्हणाली आणि आत गेली.

त्या संध्याकाळी सुष्मिताने वही उघडली तेव्हा शांतव्वाने एकही आकडा सांगितला नाही. "ल्ही कालचंच," म्हणाली. ताटावरून तशीच उठली. दुसऱ्या दिवशी डबे आले, तर तिने अर्धा तास ते उघडलेच नाहीत. गोष्ट आता तिच्या एकटीची राहिली नव्हती. आजवर ती लपवत होती त्यात दुसऱ्याचं नुकसान नव्हतं, निदान तिने मनाशी तसं ठरवून ठेवलं होतं. आता संशयाचं बोट सुनेकडे वळलं होतं. सुष्मिता गडहिंग्लजची, शिकलेली, उलट बोलू शकली असती. ती बोलली नाही. ते शांतव्वाला जास्त लागलं.

तीन आठवडे झाले आणि दोघी परत राजारामपुरीला गेल्या. बसमध्ये शेजारी बसूनही त्या एकमेकींशी फक्त तिकिटापुरतं बोलल्या.

प्रियदर्शनीने वही चाळली. एक घर खाली आलं की दुसरं वर गेलेलं. तिने पेन टेबलावर ठेवलं.

"मावशी, मी हरले बघा. सगळं करून झालं, एकूण तिथंच आहे. तुम्हीच सांगा, काय करू?"

शांतव्वाचं लक्ष वहीकडे नव्हतं. टेबलाखाली प्रियदर्शनीचा पाय दिसत होता. पायात पैंजण होतं आणि ते एका अंगाला वळलं होतं. अडतीस वर्षांची सवय, नजर तिथेच गेली.

"ते पायातलं तिरकं बसतंय," ती म्हणाली.

"हे? पहिल्यापासून असंच आहे. मला वाटलं माझा पायच वाकडा."

"पाय न्हाय वाकडा. काढा बघू. हुपरीचंच असंल."

प्रियदर्शनीने पैंजण काढून दिलं. शांतव्वाने ते टेबलावर टाकलं. मध्यावर ते उलटलं आणि तसंच राहिलं.

"दिसलं? आता तुमाला वाटंल, सगळंच बिघडलंय. इकडची कडी वाकडी, तिकडची वाकडी. पर तसं नसतंय. एक मुकी असती, ती बाकीच्यास्नी ओढती. ती सापडली की झालं. बघा आता, सांगते."

तिने डोळे मिटले. उजव्या हाताच्या चिमटीत पैंजण घेतलं आणि सरकवलं. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. बोटं कुठेच थांबली नाहीत. तिने परत सरकवलं, या वेळी हळू. परत सरकलं. मग तिने ते डाव्या हातात घेतलं. बाहेर गल्लीत रिक्षावाल्याचं आणि दुचाकीवाल्याचं भांडण चाललं होतं, ते सगळं खोलीत ऐकू येत होतं. शांतव्वाने डोळे उघडले नाहीत. पैंजण तसंच बाजूला धरलं.

"सुष्मिता, तूच बघ."

सुष्मिताने ते घेतलं. तिला हे काम कोणी शिकवलेलं नव्हतं, पण सहा वर्षं ती त्या घरात वावरत होती. तिने डोळे मिटले, पैंजण सरकवलं आणि मधोमध थांबली. "हितं," ती म्हणाली. मग तिने डोळे उघडून सासूच्या हाताकडे बघितलं.

"अत्ती, तुमाला लागली न्हाय ही?"

"न्हाय."

"कधीपासनं?"

"दिवाळीपासनं. ह्या तीन बोटांत कायबी लागत न्हाय." शांतव्वाने डोळे उघडले. "ते परत आलेलं पैंजण माझ्याच हातातनं गेलंवतं. तू डबं बदललं न्हाईस. मला म्हाईत हुतं तवाच."

सुष्मिताने पैंजण टेबलावर ठेवलं. मग सासूचा हात ओढून घेतला आणि तर्जनीच्या टोकाला नख लावलं. "हे लागतंय?"

"न्हाय."

"हे?"

"न्हाय. जोरात चिमटा घेऊ नगं, दुसऱ्या बोटाला लागतंय."

प्रियदर्शनीने तीन आठवड्यांपूर्वीचा कागद शोधून काढला. सात दहा आणि एक शून्य. "मी दहावाल्या घरांकडंच बघत बसले," ती म्हणाली. "शून्याला प्रश्नच विचारला नाही."

"ईचारला असता तरी मी सांगितलं नसतं," शांतव्वा म्हणाली. "खोडा ते. दहा ल्हिवा."

प्रियदर्शनीने शून्य खोडलं आणि दहा लिहिलं. बाकीची घरं तिने परत विचारली नाहीत. दार उघडून तिने डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी बोटांवर कापूस फिरवला, टाचणी टोचली, मनगट वाकवून धरायला लावलं. मनगटातली शीर दबली आहे, म्हणाले. वर्षानुवर्षं हात एकाच प्रकारे चालला की असं होतं. शिरेची तपासणी करून घ्यायची, मनगटाला पट्टा बांधायचा, फरक पडला नाही तर छोटं ऑपरेशन. बोटांत जाण परत येईल, पण किती येईल ते सांगता येणार नाही. लवकर आला असतात तर जाण जास्त आली असती, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

घरी आल्यावर शांतव्वाने रुद्राप्पाला उभ्या उभ्याच सांगून टाकलं. कारागीर ऐकत होते, त्यांनाही ऐकू दिलं.

रुद्राप्पाने हातातलं भिंग खाली ठेवलं. "मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगून? कट्टा दाखवला असतासा."

"कुठला कट्टा?"

"अव्वा बसायच्या तो."

"तो तर गेल्या वर्षी पाडला की. सोमूची गाडी लावाय."

"कट्टा पाडला म्हणून बसायचं सुटतंय व्हय? पायरी हाय की अजून."

रुद्राप्पा उठून चौकात गेला. संध्याकाळी तो चौकातून आला तेव्हा त्याने सुष्मितापुढे भडंगाची मोठी पुडी ठेवली आणि आत गेला. चूक कबूल करायची त्याची एवढीच रीत होती. सुष्मिताने पुडी फोडली आणि पहिली मूठ सासूला दिली, डाव्या हातात.

दिवाळीपासून हात फिरलेले आणि अजून घरात पडून असलेले सगळे जोड शांतव्वाने परत काढायला लावले. सुष्मिता सरकवायची, शांतव्वा शेजारी बसायची. त्यांत चौदा मुक्या कड्या निघाल्या. जे जोड विकून गेले होते त्यांचं काही करता येण्यासारखं नव्हतं. सुष्मिताचा हात घाईचा होता, उघडा सांधा तिला बरोबर सापडायचा, पण अर्धवट जखडलेली कडी निसटायची. तिथे शांतव्वा म्हणायची, "थांब. परत हलीव." बोटांना कळत नव्हतं ते तिला कानाने कळत होतं. घुंगरांच्या आवाजात एक जागा बसकी यायची. हे तिला आधीपासून येत असणार, पण बोटं होती तोवर त्याची गरज पडली नव्हती. तरी हे काम पूर्वीच्या कामासारखं नव्हतं. ते तिला माहीत होतं आणि तिने तसं कोणाला भासवलंही नाही.

गल्लीत बोभाटा व्हायचा तो झाला. धोंडुबाई पहिल्याच दिवशी दारात येऊन उभी राहिली.

"तरीच दवणा पडलावता! मला म्हणती, वारं हाय. आता कुणाचा हात फिरायचा गं ह्या घरात?"

"सुष्मिताचा."

"आणि तू काय करणार?"

"तिची चूक काढणार. सासू हाय न्हवं मी?"

दोन-तीन घरांनी डबे दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. त्यातलं एक महिन्याभराने परत आलं, बाकीची आली नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर दोघी पुन्हा राजारामपुरीला गेल्या. शांतव्वाच्या मनगटाला पट्टा होता. अंगठ्यात थोडी जाण आली होती, दोन बोटं अजून तशीच होती. प्रियदर्शनीच्या पायात पैंजण सरळ बसलं होतं. मधली कडी सुष्मिताने हुपरीत नेऊन बदलून आणली होती. प्रियदर्शनीने नवा कागद काढला.

या वेळी वेळ लागला. प्रत्येक घराला शांतव्वा थांबून विचार करत होती. झोप चार. जेवण तीन. घरातली माणसं, तिने सुनेकडे बघून म्हटलं, "पाच. मिक्सर परत सकाळी लावती." शेजारपाजार सहा, कारण धोंडुबाई ती धोंडुबाईच. देवधर्म दोन. पुढची काळजी सहा. शरीराला ती न थांबता म्हणाली, "आठ. गुडघ्याचं आणि ह्येचं काय नातं न्हाय. गुडघं आपलं आपलं दुखत्यात."

"काम?"

शांतव्वाने पट्टा बांधलेला हात टेबलावर ठेवला.

"सात."

"अजून सात?"

"गेलं ते गेलं की मॅडम. ते काय परत यायचं न्हाय सगळं. सातच ल्हिवा."

"आणि एकूण?"

"पाच ल्हिवा. न्हाय, थांबा. पाचच."

प्रियदर्शनीने कागद फिरवून तिच्यापुढे केला, बरोबर लिहिलंय का बघा म्हणून. शांतव्वाला मराठी अक्षरं सावकाश वाचता येत, आकडे चटकन. तिने आठही घरांवरून डोळे फिरवले. एकसारखे आकडे फारसे नव्हते, दहा कुठेच नव्हतं, आणि शून्यही कुठे नव्हतं.

"बरोबर हाय," ती म्हणाली आणि सुष्मिताला म्हणाली, "चल ऊठ, दोनची गाडी गावंल. घरात डबं येऊन पडलं असतील."